मंडळाच्या मैदानात टीव्हीवाली कबड्डी: भाड्याच्या मॅट-संचाचा आढावा

मंडळाच्या बैठकीत कबड्डी स्पर्धेचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतंच, ‘या वर्षी टीव्हीवर असते तशी करू.’ ‘टीव्हीवर असते तशी’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर २०१४ साल असतं. २६ जुलैची संध्याकाळ, वरळीचा एनएससीआय डोम, प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना: यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. गुडघे फोडून घ्यायचा मातीतला खेळ अचानक अंधारातल्या एका उजळ चौकोनात दिसायला लागला, आणि पडद्यावर सेकंद उलटे पळायला लागले. पुढच्या वर्षी अनुपकुमारच्या यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून करंडक घेतला. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता मंडळाची कार्यकारिणी झाली आहेत. त्यांना माती नको असं नाही, पण तो चौकोन हवा आहे.

ही हौस ओळखून ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘कबड्डी सेट’ भाड्याने मिळू लागलेत. मांडववाला, लाइटवाला, डीजेवाला, तसा आता मॅटवाला. इथे ज्या संचाबद्दल लिहितोय तो वागळे इस्टेटमधल्या एका गोदामातून येतो. त्यात मॅट, चढाईची घड्याळं, एलईडी गुणफलक आणि तीन कॅमेऱ्यांचं यूट्यूब लाइव्ह असतं. भाडं दिवसावर. वाहतूक, अंथरणारी माणसं आणि अनामत रक्कम वेगळी. ‘सगळं मिळून’ असा आकडा फोनवर सांगितला, तरी त्यात हे तिन्ही धरलंय का ते विचारूनच घ्यावं. सगळ्या संचाला एकच शेरा देता येत नाही. मॅट घेण्यासारखी, घड्याळं एका अटीवर, गुणफलक ठीक, आणि लाइव्ह आहे त्या रूपात घेऊ नये.

मॅटपासून सुरुवात करू, कारण पैसे तिथेच जातात आणि फसगतही तिथेच होते. तुकडे फोमचे, एक मीटर बाय एक मीटर, ३० मिलिमीटर जाडीचे, कडेला एकमेकांत अडकणारे दाते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे हिशेबाने १३० तुकडे, आणि पुरवठादार आपण होऊन तेवढेच देतो. तेवढे घेऊ नयेत. मैदानाची हद्द आणि मॅटची कड एकच झाली, की हद्दीवरची प्रत्येक पकड अर्धी मॅटवर आणि अर्धी पेव्हर ब्लॉकवर पडते. चारही बाजूंनी निदान एक मीटरची पट्टी जादा हवी. १५ बाय १२ म्हणजे १८० तुकडे. हे आधी सांगितलं तर मिळतात. आयत्या वेळी मागितले तर दुसऱ्या रंगाचे आणि दुसऱ्या जाडीचे येतात, आणि २५ ची कड ३० च्या कडेला लागली की पाच मिलिमीटरची पायरी तयार होते. चढाईपटू मागे सरकताना खाली बघत नसतो.

आता दात्यांची गोष्ट. ‘एक मीटरचा तुकडा’ हे माप दाते धरून की वगळून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. दाते दोन सेंटिमीटरचे असतील आणि माप दाते धरून असेल, तर जोडल्यावर प्रत्येक तुकडा ९८ सेंटिमीटरच भरतो. तेरा तुकड्यांत २६ सेंटिमीटर गायब! या संचात मधला भाग निळा आणि बाहेरची पट्टी केशरी आहे. दिसायला झकास, टीव्हीसारखं. पण रंग जिथे बदलतो तीच हद्द धरली, तर मैदान आखूड पडतं. म्हणून तुकडे मोजून मैदान आखू नये. मोजपट्टीने आखावं आणि शेवटी कर्ण तपासावा. १३ बाय १० चा कर्ण १६.४० मीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चौकोन तिरका आहे, मग डोळ्यांना कितीही सरळ दिसो.

रेषा आखताना मध्यापासून बाहेर जायचं. पंधरा ओळी असल्याने मध्यरेषा आठव्या ओळीच्या ऐन मधून जाते, सांध्यावरून नाही. अंथरणारी पोरं सवयीने सांधा शोधतात, आणि मग एका बाजूला अर्धा मीटर जास्त होतो. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती), तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा (जादा गुणाची), तिथून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर उरतात. दोन्ही लांब कडांना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी. पट्टी ३ ते ५ सेंटिमीटर रुंद चालते. हद्दीची रेषा मैदानाचाच भाग असते, त्यामुळे तिची बाहेरची कड १३ बाय १० च्या मापावर आणि पट्टी पूर्ण आतल्या बाजूला हवी. तुकडे दाते वगळून पुरे मीटरचे असतील तर हे माप सांध्यावरच येतं. तिथे पट्टी सांध्यावर न चिकटवता आतल्या तुकड्यावर चिकटवली, की नियमही पाळला जातो आणि पट्टी फाटतही नाही. सांध्यावर आडवी चिकटवलेली पट्टी दुसऱ्या सामन्यापर्यंतही टिकत नाही. तिचं एक टोक उभं राहतं, कोणाच्या तरी बुटाला चिकटतं आणि रेषा घेऊन तो खेळाडू राखीव क्षेत्रापर्यंत जातो.

महिलांचे सामने त्याच दिवशी ठेवले असतील तर डोकं शांत ठेवून आखणी करावी. त्यांचं मैदान १२ बाय ८, निदान रेषा ३ मीटरवर, बोनस त्यापुढे एक मीटरवर. मध्यरेषा तीच ठेवली की अंतिम रेषा दोन्हीकडून अर्धा मीटर आत येते, आणि पुरुषांच्या राखीव क्षेत्राची जी आतली रेषा तीच महिलांची हद्द होते. गोंधळ इथेच. पुरुषांचा सामना संपून महिलांचा सुरू झाला, की पहिली पाच मिनिटं प्रेक्षक, गुणलेखक आणि कधी कधी पंचही बाहेर गेलेल्या खेळाडूला आत समजतात. महिलांच्या रेषा वेगळ्या रंगाच्या पट्टीने, आधीच, दिवसाउजेडी आखून ठेवाव्यात. या संचासोबत एकाच पांढऱ्या रंगाची पट्टी येते. पिवळी आपण आणायची.

मॅट खाली कशावर पडते त्यावर तिची निम्मी किंमत ठरते. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत पोडियमच्या टाइल्सवर ती छान बसते, फक्त पाणी वाहून जायला दिलेला उतार आधी बघावा. मातीच्या मैदानावर आधी पाणी मारून रोलर फिरवायचा, एक रात्र वाळू द्यायचं, खडे वेचायचे, मग जाड ताडपत्री, मग मॅट. ताडपत्री वगळली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यांतून धूळ वर येते आणि मॅट पावडर लावल्यासारखी निसरडी होते. सुपारीएवढा खडा ३० मिलिमीटरखालीसुद्धा टाचेला लागतो.

ऊन हा दुसरा शत्रू. सकाळी गारव्यात घट्ट ठोकून बसवलेली मॅट एप्रिलच्या दुपारी फुगते आणि मधल्या ओळींत उंटाची पाठ तयार होते. कडेला वजनं ठेवली असतील किंवा बाहेरची ओळ बांबूला टेकली असेल तर हमखास. उपाय साधा आहे: कडा मोकळ्या ठेवा, दुपारी वर मांडवाचं कापड असू द्या, आणि सामन्याआधी तासभर एकदा सगळ्या सांध्यांवरून चालत जा. तळपायाला जिथे वर आलेली कड लागते तिथला दाता उचलून परत दाबायचा. ठोकायचा नाही. ठोकला की शेजारचा निघतो.

हिवाळ्यात उलट. कोपरी, कळवा, दिवाळे अशा खाडीलगतच्या जागी रात्री उशिरा दव पडतं आणि मातीवर जे कधी कळलं नसतं ते मॅटवर लगेच कळतं. ही मॅट पाणी पीत नाही, म्हणून दव वरच राहतं. दोन माणसं, दोन रुंद मॉप, चार कोरडे पंचे, आणि दर मध्यंतराला पुसायची शिस्त, एवढं हवं. साबणाचं पाणी किंवा फिनेल वापरू नये. त्याचा थर राहतो आणि घामाशी मिळून बर्फ होतो. पावसाळ्यात उघड्यावर हा संच घेण्यात काहीच अर्थ नाही, पुरवठादार हो म्हणाला तरी.

खेळाडूंच्या पायांचं आधी कळवून ठेवा. मातीवर अनवाणी खेळणारा संघ निमंत्रण आलं म्हणून तसाच येतो. मॅटवर अनवाणी पाय घासून सोलतो, आणि सांधा सुटला असेल तर अंगठा त्यात अडकतो. रबरी तळाचे, खाचा शाबूत असलेले बूट हवेत. मैदानाच्या तोंडाशी एक ओलं गोणपाट आणि त्यापुढे एक कोरडं ठेवलं, की धूळ मॅटवर येत नाही. आणखी एक फरक: मातीत पाय सरकतो, मॅटवर रोवला जातो. त्यामुळे वळणं जलद होतात, पण गुडघ्यावर ताण पडतो, आणि पडल्यावर लागत नाही म्हणून बचावपटू बिनधास्त झेपावतात. कल्याणच्या गिरीश इरनाकसारख्या डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूला टीव्हीवर घोट्यात झेप घेताना बघून शिकलेली पिढी मातीवर तसं करायला जाते तेव्हा कोपर सोलून घेते. मॅट त्या पिढीसाठी योग्यच आहे. फक्त सरावाचे चार दिवस मातीत आणि स्पर्धा थेट मॅटवर, असं करू नये.

मॅट चांगली की वापरून संपलेली, हे गोदामातच बघून घ्यायचं. अंगठा जोरात दाबून सोडा. खळगा लगेच भरला तर ठीक, रेंगाळला तर फोम बसलाय. मग तळहात घासून बघा. वरची जाळीदार नक्षी गुळगुळीत झालेले तुकडे बाजूला काढा किंवा बाहेरच्या पट्टीत लावायला सांगा. या संचातले आतले तुकडे दाबून-घासून बघितल्यावर चांगले वाटतात, कोपऱ्याच्या काही तुकड्यांचे दाते मात्र तुटलेत. तुटका दाता निदान रेषेजवळ आला तर काय होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे: चढाईपटूने घोटा सोडवायला पाय खेचला, की अख्खा तुकडा बोटभर सरकतो, खालची निळी ताडपत्री दिसते, आणि पुढचा येणारा नेमका तिथेच पाय टाकतो.

वाहतुकीत फसू नका. एक तुकडा साधारण तीन-साडेतीन किलोचा, १८० तुकडे म्हणजे ५४० ते ६३० किलो. वजन छोटा हत्ती उचलतो. पण त्याच्या हौद्यात मीटर-मीटरचे दोनच थर शेजारी बसतात, म्हणजे प्रत्येकी ९० तुकडे आणि उंची २.७ मीटर. तीन हात नाका ओलांडेपर्यंत वरचे वीस रस्त्यावर. दोन फेऱ्या तरी धरा किंवा मोठा टेम्पो सांगा. अंथरायला चार माणसं आणि दीड-दोन तास, आखणीला आणखी एक तास.

घड्याळाची अट सोपी आहे: दोन हवीत. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटूचं तोंड प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम रेषेकडे असतं, म्हणून घड्याळ त्या रेषेमागे, बचावपटूंच्या डोक्यांवरून दिसेल एवढ्या उंचीवर पाहिजे. दोन बाजू, दोन घड्याळं. हा पुरवठादार दोन सांगतो, पण दुसरं ‘लागलं तर’ म्हणून गाडीत ठेवतो. बाजूला, गुणलेखकाच्या टेबलावर लावलेलं एकच घड्याळ प्रेक्षकांसाठी ठीक, खेळाडूसाठी निरुपयोगी. तिसऱ्या चढाईला, म्हणजे दोन रिकाम्या गेल्यावर गुण आणावाच लागतो तेव्हा, मान वळवून घड्याळ बघणाऱ्याची पकड झालीच समजा. रिमोटचे सेल नवे घाला आणि घड्याळाची जोडणी डीजेच्या बोर्डावर देऊ नका. ढोल वाजला की दिवे लवतात आणि घड्याळ पुन्हा तिसावर जातं.

गुणफलकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आकडे मोठे, दुरून वाचता येतात. बचावपटू किती उरलेत ते मात्र दाखवत नाही. बोनस सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच, आणि अव्वल पकड (सुपर टॅकल, जादा गुणाची) तीन किंवा कमी असताना, म्हणून हा आकडा प्रेक्षकाला लागतो. एक साधी पाटी करून सहायक गुणलेखकाजवळ लावली तरी भागतं.

उरलं लाइव्ह. कबड्डी टीव्हीला का भावली, त्याचं कारण मैदानाच्या मापात आहे. सगळं नाट्य १३ बाय १० मध्ये, एका चौकटीत मावणारं, आणि प्रत्येक प्रसंग अर्ध्या मिनिटात निकाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या चॅनल फोरने कबड्डी दाखवली, तेव्हा लोण म्हणजे अख्खा संघ बाद करणं हे माहीत नसलेले लोकसुद्धा बघत बसले ते यामुळेच. म्हणजे कॅमेरा नीट जागी असेल तर एकही पुरतो. या संचातले तीनही चुकीच्या जागी असतात. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या टोकाला, तिपाईवर, छातीच्या उंचीला. नेमकं तिथेच पंच उभा असतो. रेषेपर्यंत हात पोचला की नाही हा क्षण आला, की पडद्यावर पंचाची पाठ. मचाण किंवा साधा टेम्पोचा टप घेऊन तो तीन-चार मीटर उंच केला तरच उपयोग. दुसरा कॅमेरा अंतिम रेषेमागे, पण कोपऱ्यात, राखीव क्षेत्राच्या रेषेच्या सरळ ओळीत हवा. तिसऱ्याची गरज नाही.

राखीव क्षेत्र का महत्त्वाचं, ते २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. शेवटच्या मिनिटांत २८-२८, पवन सेहरावत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग गेले, आणि गुण कोणाला किती यावरून खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. स्पर्श होण्याआधी ते क्षेत्र हद्दीबाहेरचं, स्पर्श झाला की आतलं. हा फरक मधल्या कॅमेऱ्यातून कधीच ठरत नाही. मंडळाच्या स्पर्धेत ‘लाइव्ह आहे, तिथे बघा’ म्हणून संघ पंचांच्या अंगावर येतात, त्यामुळे अर्धवट चित्र असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आवाजाचं त्याहून वाईट. समालोचकाचा माइक आणि डीजे एकाच मिक्सरवर, आणि चढाई चालू असतानाही ठेका सुरू. दम कुठे ऐकू येणार? घड्याळ आलं तरी नियमातून दम गेलेला नाही. चढाईपटूने ‘कबड्डी’ स्पष्ट, सलग म्हणत राहायचं आहे, आणि तो तुटला की नाही हे पंचाने कानाने ठरवायचं आहे. हुतूतूच्या काळापासून या खेळाचं खरं घड्याळ तेच होतं. टीव्हीवरही तो गलक्यात दबलेलाच असायचा, पण निदान मैदानात तरी पंचाला ऐकू आला पाहिजे. चढाई सुरू झाली की डीजे बंद, गुण झाला की वाजवा: हे करारात लिहून घ्या, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. समालोचन मराठीत आणि चढाई, पकड, लोण, बोनस एवढ्याच शब्दांत होईल असा माणूस आपला आपण बघावा. पुरवठादाराचा माणूस क्रिकेटचं समालोचन करतो, फक्त खेळाडू वेगळे.

हा संच दोन रात्रींच्या निमंत्रित स्पर्धेला, माघी गणपतीला किंवा शिवजयंतीच्या आसपास घ्यावा. एका दिवसासाठी अंथरण्या-उचलण्यातच जीव जातो. वर्षभर सराव घ्यायचा असेल तर भाडं देत बसू नये, आजूबाजूच्या तीन-चार मंडळांनी मिळून जुनी मॅट विकत घ्यावी.

परत देताना पट्ट्या लगेच, मॅट गार असतानाच काढा. उन्हात राहिल्या तर डिंक राहतो आणि अनामतीतून कापला जातो. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी पुसून, आडवा, वीस-वीसच्या थरांत रचायचा. उभे ठेवले तर वाकतात, ओले ठेवले तर बुरशी धरते. मोजणी पुरवठादाराच्या माणसासमोर करा आणि तुटक्या दात्यांचे फोटो संच ताब्यात घेतानाच काढून ठेवा. १८० भरले नाहीत तर मांडवामागे बघा. दोन-चार तुकड्यांवर हमखास कोणीतरी झोपलेलं असतं.